पोंकाच्या दिवसांतलं झबलं

नदीकाठच्या रस्त्याला पोंकाच्या गाड्या लागल्या की सुरतेत थंडी आली असं समजायचं. थंडी तरी कसली, सकाळी स्कूटरवर बसताना ओढणी कानाला गुंडाळावी लागते एवढीच. पण सुरतेची माणसं एवढ्याशा थंडीचाही पुरेपूर समाचार घेतात. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, कापडात घालून झोडपायची आणि तो हिरवा, गरम, किंचित धुरकट दाणा लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खायचा. आमच्याकडे जळगावला याला हुरडा म्हणतात आणि तो शेतात बसून खातात. आईचं सगळं आयुष्य सुरतेत गेलं, तरी तिला हे अजून पटलेलं नाही. "हुरडा काय दुकानमा लेवानी चीज शे का?" असं ती दरवर्षी एकदा म्हणते आणि मग वाटीभर खाते.

मला मात्र तो वास नको असतो. आता आमच्या डिंडोलीच्या नाक्यावरही एक गाडी लागते. थंडीचे ते दिवस मी बँकेतून येताना मागच्या गल्लीने, खड्ड्यांतून स्कूटर घालते. नवऱ्याला सांगते, धुराने खोकला येतो. खोकलाबिकला काही नाही. त्या वासाबरोबर एक झबलं डोळ्यांपुढे येतं आणि ते शिवत बसलेली मी. ते झबलं आमच्या कपाटात आहे. ज्याच्यासाठी शिवलं त्याच्या अंगावर ते कधी गेलं नाही. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या भावजयीला, दीपालीला, असं काही झबलं आहे हेही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तर ती माझ्याकडे कोणत्या नजरेने बघेल, या एका प्रश्नाने दर हिवाळ्यात माझा जीव टांगणीला लागायचा.

त्या हिवाळ्यात दीपालीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिचं माहेर नंदुरबारकडच्या एका खेड्यात, दवाखाना लांब, म्हणून ती इथेच राहिली होती. सुनील, माझा धाकटा भाऊ, आधीच बाप झाल्यासारखा गंभीर चेहरा करून फिरत होता. आणि मी आत्या होणार होते. आमच्याकडे बारशाला खरी मिरवते ती आत्याच. बाळाच्या कानात कुर्र करून नाव तीच सांगते, पाठीवर बायकांचे धपाटे तीच खाते आणि अंगडं-टोपडंही तीच आणते. मला स्वतःला मूल झालं नाही. त्याची कारणं डॉक्टरांनाही नीट सांगता आली नव्हती, आणि पुढे आम्ही दोघांनी ती विचारणंही सोडून दिलं. त्यामुळे आत्या होणं ही माझ्या लेखी मोठीच बढती होती, बँकेने इतकी वर्षं न दिलेली. बढती मिळाली की लोक पेढे वाटतात. मी शिवण शिकायला गेले.

सुरतेत वाढलेल्या बाईला शिवता येत नाही हे सांगायलाही लाज वाटते. वडील बमरोलीच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. त्यांच्या नखांत रोज नवा रंग असायचा, आणि आज कोणत्या साड्या निघाल्या ते आम्ही भावंडं त्यांच्या नखांवरून ओळखायचो. शेजारच्या बायका घरबसल्या साड्यांना लेस लावायच्या, खडे चिकटवायच्या. माझी बँक पर्वत पाटिया या भागात, तिच्या दारातून साड्यांच्या गठ्ठ्यांनी फुगलेले टेम्पो दिवसभर ये-जा करतात. आणि एवढ्या कापडाच्या गराड्यात राहून मला साधं बटण लावता येत नव्हतं. सुनील म्हणायचा, ताई शर्टाला बटण लावत नाही, बटणाला शर्ट लावते.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर हंसाबेन शिवणाचा क्लास घेतात. बाकीच्या मुली कॉलेजातल्या. त्या ब्लाउजचे घाट बसवत होत्या आणि मी, त्यांच्या आईच्या वयाची बाई, वर्तमानपत्रावर बाळाच्या गळ्याचा गोल काढत होते. मला थेट कापडावर कातर चालवायची घाई. हंसाबेन माझा हात धरायच्या. "पहेलां कागळ पर, बेन. कापडने शुं काम मारो छो?" माझा गोल बघून त्यांनी चष्मा वर केला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "आ गळुं छे के बटाकुं?" मुली खिदळल्या. मीही हसले. बटाट्यासारख्या गळ्यातून बाळाचं डोकं तरी कसं जाणार होतं?

झबलं कुणासाठी ते मी सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "फोई छो? तो तो झभलुं तमारुं ज!" गुजरात्यांतही बाळाचं झबलं आत्याच आणते, हे मला तेव्हा कळलं आणि उगाचच अभिमान वाटला, जणू दोन राज्यांनी मिळून माझी नेमणूक केली होती. मग त्यांनी विचारलं, "बाबो के बेबी?" मी म्हटलं, अजून यायचंय. त्यांचा पाय मशीनवर होता तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाली कापडाकडे पाहिलं. "तो पछी उतावळ शुं छे?" एवढंच म्हणाल्या. घाई काय आहे? मी खडू उचलला आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

घाई होती. अशी घाई मला त्याआधी कधी झाली नव्हती.

कापडासाठी मी आईकडे गेले. सुरतेच्या बाजारात हवं ते कापड मिळतं, पण तान्ह्या बाळाच्या अंगाला लावावं असं सुती मऊ कापड शोधायला गेलं की दुकानदार पॉलिस्टर पुढे सारून शपथा घेतात. आणि तसंही आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत. जुनं, वापरलेलं, धुऊन धुऊन विरत आलेलं पातळ घ्यायचं. आईचं एक पातळ होतं, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं. लहानपणी मी त्याच्या पदराला तोंड पुसलेलं आहे. ते इतकं मऊ झालं होतं की घडी घातली तरी हातात राहायचं नाही, घरंगळून जायचं. कशाला हवं, असं आईने विचारलं नाही. पेटीतून काढता काढता पाठमोरीच म्हणाली, "बाय, जनमाना पहिले काही शिवतस नही. पोर घर येऊ दे, मंग शिव."

"अगं आई, मी सराव करतेय. सरावाला काय होतंय?"

तिने पातळ माझ्या हातात दिलं. तिनेही दिलंच की, हे मी नंतर स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. आपलं ओझं टेकवायला दुसऱ्याचं डोकं शोधत होते, दुसरं काय.

ही रीत आमच्या घरात कुणी कधी समजावून सांगत नाही, ती नुसती पाळली जाते. बाळंतिणीची दवाखान्यात न्यायची पिशवी भरतात तेव्हा तिच्यासाठी सगळं असतं, गाऊन, शाल, डिंकाचे लाडूसुद्धा. बाळासाठी काही नसतं. पाळणा कुणाकडून आणायचा ते ठरवून ठेवतात, आणत नाहीत. नाव मनात असतं, ओठांवर येऊ देत नाहीत. आनंदाचा आधीच गाजावाजा केला तर त्याला दृष्ट लागते, अशी ती भीती. मी बी.कॉम. झालेली, दिवसभर काचेमागे बसून लोकांच्या सह्या तपासणारी. मला ते सगळं आईच्या काळातलं वाटायचं. आणि शिवाय सरावाचंच तर कापड होतं.

पातळाचा तुकडा चार पदरी दुमडला, वर कागद ठेवला, खडूने रेघ मारली. झबलं समोर उघडं हवं, म्हणून मी ऐटीत मधली घडी कापली. उलगडून बघते तर पुढचं उघडं आणि पाठही उघडी. एका झबल्याची दोन अर्धी माझ्या मांडीवर. मुली आता हसल्याही नाहीत, इतका माझा चेहरा पडला होता. हंसाबेन म्हणाल्या, "कंई नहीं, पाछळथी सांधी दो." मी पाठ जोडली. सगळ्या कपड्यांना असते तशी, आतून. त्यांनी ती शिवण बोटांत धरली आणि माझ्या गालावर घासली. कापडाचा दुमडलेला काठ टचकन टोचला. मग म्हणाल्या की बाळाचं अंग म्हणजे तुझ्या गालाहून कोवळं. मोठ्या माणसाच्या कपड्याची शिवण आत लपवायची, कारण जग बघतं. तान्ह्याच्या झबल्याची शिवण बाहेर ठेवायची, जगाला काय करायचंय?

सगळी शिवण उसवली. उसवणं हे शिवण्याहून कठीण काम आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. कापड जुनं, दोरा नवा. ओढला तर कापड आधी जायचं. रविवारची दुपार, मी बाल्कनीत ब्लेड आणि सुई घेऊन बसलेली, गच्च्यांवर पोरं उत्तरायणाच्या आधीच पतंगांचा सराव करत होती आणि दर थोड्या वेळाने 'काप्यो छे' अशी आरोळी उठायची की माझ्या हातातलं ब्लेड दचकायचं. एकेक टाका सोडवत गेले. नंतर पुन्हा शिवली, बाहेरच्या बाजूने, पाठीची, काखांची, खांद्याची. बघणाऱ्याला झबलं उलटं वाटावं असं. आत हात घालून पाहिला तर कुठेही काही लागत नव्हतं. काठाच्या पट्टीचे चार बंद केले. त्या दिवशी मी एवढी आनंदात होते की संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं.

नवरा हजिऱ्याहून ड्यूटी संपवून आला. मी झबलं त्याच्या पंजावर ठेवलं. त्याच्या पंजाभोवती ते जेमतेम थोडं उरलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "एवढंसं असतं माणूस?" त्याने ते परत देताना दोन्ही हातांनी दिलं.

त्या दिवसांत क्लास सुटला की मी दीपालीकडे जायची आणि जाताना पोंक घेऊन जायची. तिला पोंकाचेच डोहाळे लागले होते म्हणा ना. कागदाचा पुडा उघडला की गरम वाफ तिच्या तोंडावर यायची आणि ती डोळे मिटून घ्यायची. एकदा ती म्हणाली, "ताई, तुमच्या ओढणीला दोरा लागलाय," आणि तिने तो निळा दोरा उचलून खिडकीबाहेर फुंकला. माझ्या पोटात हसू मावेना. बारशाला पेटीतून झबलं काढीन, सगळ्यांदेखत, आणि सुनीलला म्हणेन, घे, बटणाला शर्ट लावणारी ताई. तेव्हा दीपालीचं तोंड कसं होईल ते मी रोज मनात बघत होते.

उत्तरायण झालं. झाडांवर फाटके पतंग लटकत होते. एका दुपारी बँकेत सुनीलचा फोन आला. मुलगा होता. आला तो रडलाच नाही.

याहून जास्त त्या दिवसाचं मला सांगता येत नाही. डॉक्टरांनी त्यांच्याकडून सगळं केलं होतं. कुणाची काही चूक नव्हती असं सगळे एकमेकांना सांगत होते. कुणाचीच चूक नव्हती, म्हणूनच ती मला माझी वाटायला लागली. मी खोलीत दीपालीचा हात धरून बसले. संध्याकाळी सुनील आणि माझा नवरा बाळाला नदीकडे नेणार होते. आम्हा बायकांना काही बघायचं नव्हतं, बघू दिलंही नसतं. त्याआधीच घरी जाऊन मी पायातली चप्पलसुद्धा न काढता कपाट उघडलं, झबलं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा गोधड्यांच्या खाली सारला. दीपालीची नजर त्यावर कधी पडू नये, एवढं एकच मला सुचत होतं.

क्लासला मी परत गेले नाही. हंसाबेननी का ते विचारलं नाही. एकदा लिफ्टपाशी म्हणाल्या, "बेन, तमारी कातर मारी पासे पडी छे." मी म्हटलं, राहू द्या. शेजारची एक बाई सांत्वनाला आली आणि सहज म्हणाली, तुम्ही तर झबलंपण शिवलं होतं म्हणे. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी तिचा चहा अर्धाच असताना कप उचलून आत नेला. मूल नसलेल्या बाईने दुसरीच्या बाळाचे कपडे असे डोळे भरून बघू नयेत, असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. ते मीच म्हटलं, मनातल्या मनात. आणि स्वतःचं बोलणं कानांवर हात ठेवून बंद होत नाही.

मला कळत नाही असं नाही. चार टाक्यांनी कुणाचं आयुष्य उसवत नाही हे मला चांगलं कळतं. बँकेत कुणी अंगारे-धुपाऱ्याचं बोललं तर मीच पहिली हसते. पण डोक्याला कळलेलं खाली उतरत नाही. पोंकाचा वास आला की मला हंसाबेनचा थांबलेला पाय आठवतो, आईची पाठ आठवते. दोघींनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

पुढे दीपालीला मुलगी झाली. ओवी. बारशाला मी आत्या म्हणून मिरवले, धपाटे खाल्ले, नाव कानात सांगितलं आणि झबलं नेलं ते चौटा बाजारातलं विकतचं, रिबिनींचं, चमचमणारं. ओवीने त्यात गेल्या गेल्या भोकाड पसरलं. मानेवर लाल चट्टे उठले. दीपालीने झटकन ते काढून तिला सुनीलच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "छान आहे हो ताई. जरा मोठी झाली की घालू." मोठं झाल्यावर झबलं कोण घालतं? ओवीसाठीही मी काही शिवलं नाही याची एक वेगळी टोचणी तेव्हापासून लागली. पहिल्याच्या भीतीने दुसरीला मी विकतच्या पॉलिस्टरवर बोळवलं होतं.

यंदा गाड्या लागल्या आणि मी मागच्या गल्लीने जायला लागले. एका रविवारी सकाळी दार वाजलं. दीपाली होती, एकटी, हातात पोंकाचा पुडा.

"नाक्यावर पोंक आला, तरी तुम्ही तिकडे फिरकत नाही. म्हटलं आपणच घेऊन जावं." तिने स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या, शेव काढली, लिंबू कापलं. ती आमच्या घरात अशीच वावरते. वास घरभर झाला. मी खिडकी उघडली.

"ताई, एक काम होतं. माझ्या रूपालीचे दिवस भरत आलेत." रूपाली तिची धाकटी बहीण. "तिच्यासाठी एक झबलं शिवून द्याल? हंसाबेन परवा भेटल्या, म्हणाल्या तुमच्या नणंदेचा हात चांगला बसला होता, मग सोडून का दिलं कुणास ठाऊक."

माझा आवाज मलाच ऐकवेना इतका चढला. "जन्माच्या आधी शिवू नये, एवढं कळत नाही का तुला? होऊ दे आधी सगळं नीट. मग बघू."

तिला राग आला नाही. वाटीतले दाणे बोटाने सारखे करत ती म्हणाली, "माझ्या वेळी तर कुणी एक टाकाही घातला नव्हता ताई. सगळं पाळलं आपण. तरी काय झालं?"

मी गप्प राहिले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. तिच्या मनाची एक समजूत होती, साधी, स्वच्छ. तिच्या आधाराने ती इतकी वर्षं उभी होती असं मला त्या क्षणी दिसलं. ती तशीच राहू द्यावी, असं एक मन म्हणालं. पण मग ती निर्धास्तपणे रूपालीकडे जाणार, हसत, खोट्या आधारावर, आणि मी पुन्हा मागच्या गल्लीने. मला ते सहन होईना.

"मी घातला होता," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं.

"झबलं शिवलं होतं मी. तुला कळू दिलं नाही. आईने सांगितलं होतं शिवू नको म्हणून. तरी शिवलं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. पोंक वाटीत निवला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि ज्या नजरेला मी इतकी वर्षं घाबरले ती नजर मला वाचता येत नव्हती.

"कुठे आहे?"

मी गोधड्या उपसल्या. डब्याचं झाकण गंजून बसलं होतं, ते तिनेच चमच्याने उचकटलं. झबलं बाहेर काढलं, मांडीवर पसरलं. निळी फुलं जराशी पिवळी पडली होती. तिने ते पालथं केलं, उताणं केलं, आणि चक्क हसली. "ताई, उलटं शिवलंत की हो!"

"नाही गं. शिवण आत राहिली तर बाळाला टोचते. म्हणून बाहेर ठेवायची."

तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. तिने पाठीच्या शिवणीवरून बोट फिरवलं, वरून खाली. मग आत हात घातला आणि तळवा आतून फिरवला, मी फिरवला होता तसाच.

"त्या दिवशी ह्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "बाळाला न्यायच्या आधी. म्हणाले, त्याच्या अंगावर घालायला काही आहे का गं? मी म्हटलं, कुठून असणार, आपल्यात आधी काही करत नाहीत. मग तिथल्याच एका टॉवेलात गुंडाळलं. खरखरीत होता तो ताई. मी हात लावून बघितला होता." ती थांबली. "अजून हातात आहे माझ्या ते."

तिने झबलं उचलून माझ्यापुढे धरलं.

"हे होतं ना तेव्हा?"

"होतं."

"मग आणलं का नाहीत?"

का शिवलंत, हे ती विचारील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. सरावासाठी, आनंदाच्या भरात, अक्कल नव्हती म्हणून. रडायचं कुठे तेही मनात ठरलेलं होतं. आणलं का नाही, हे कुणी विचारील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या दुपारी मी चप्पल न काढता कपाटापर्यंत धावले होते ते झबलं लपवायला. तीच चार पावलं उलट्या दिशेने धावले असते, तर नदीकाठी जाईपर्यंत तरी माझ्या भाच्याच्या पाठीला काही टोचलं नसतं. त्याच्यासाठी जे एकच काम मला करता येण्यासारखं होतं ते मी करून ठेवलं होतं, आणि मग डब्यात बंद केलं. इतकी वर्षं मी स्वतःला दोष दिला तो भलत्याच गोष्टीचा. आणि दीपाली तो टॉवेल तळहातात घेऊन माझ्या घरी येत होती, लिंबू कापत होती, जात होती.

"मला सुचलंच नाही गं," मी म्हटलं. हे खरं होतं आणि ते अगदीच अपुरं होतं.

तिने मान हलवली. रागाने नाही. तिने झबल्याचे चारही बंद एकेक करून बांधले, हलक्या गाठी, पटकन सुटतील अशा. मग घडी घातली आणि ते पिशवीत ठेवलं.

"हे मी नेते."

"ने."

दारात पायांत चपला सरकवताना ती वळली. "रूपालीचं आत्ताच शिवा ताई. बाळ येण्याची वाट बघू नका. पुढे काय होईल ते आपल्या हातात नाही. पण बाळाला अंगावर घालायला काही नाही असं व्हायला नको."

ती गेल्यावर मी निवलेला पोंक खाल्ला, सगळा, दोन्ही वाट्यांतला. मग आईला फोन केला आणि म्हटलं, तुझं एखादं जुनं सुती पातळ आहे का. कशाला, असं तिने विचारलं नाही. "शे," म्हणाली. "लई जाय." घेऊन जा.

हंसाबेननी कातर एका जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवली होती. तिला तेल लावलेलं होतं. आता मी बाल्कनीत बसून शिवते आहे, घडी दोनदा तपासून मगच कापलं, गळा या वेळी गोल आलाय. नाक्यावरचा धूर वर येतो, येऊ दे. दर दोन टाक्यांनी आत हात घालून बघते, कुठे काही लागत तर नाही ना. लागत नाही. तरी पुन्हा बघते.